संघनायक घडवताना: नव्या स्काऊट मास्तरांसाठी पायरी-पायरीने

खानापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेचं स्काऊट पथक माझ्याकडे आलं, तेव्हा माझा बेसिक कोर्स नुकताच झाला होता. पहिल्याच महिन्यात मी चार संघनायकांचं, म्हणजे पथकातल्या लहान संघांचं नेतृत्व करणाऱ्या मुलांचं, प्रशिक्षण घेतलं. सभागृहात, बाकांवर बसवून, सकाळी दहा ते दुपारी चार. फळ्यावर नेत्याचे बारा गुण लिहिले आणि मुलांनी ते सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले. पुढच्या शनिवारी मैदानावर ताडपत्री बांधत होतो. वारा सुटला, एक कोपरा निसटून फडफडायला लागला आणि चारही संघनायक एकदम माझ्याकडे वळले, "सर, आता काय करायचं?"

बारा गुण पाठ असलेल्या मुलांना दोरी कुणी धरायची एवढं ठरवता येत नव्हतं. येणार तरी कसं? तसं ठरवायची वेळ मी त्यांच्यावर कधी आणलीच नव्हती. त्यानंतर काही वर्षं मी हे प्रशिक्षण बदलत गेलो, काही गोष्टी सोडून दिल्या, काही पक्क्या केल्या. कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या भागात ज्यांच्याकडे यंदा नव्याने पथक आलंय, त्यांची ती वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितोय. मुलींच्या गाईड पथकाच्या कॅप्टन बाईंनाही यातलं बहुतेक सगळं तसंच लागू पडेल.

आधी हाताशी काय हवं

साहित्य फार लागत नाही:

- प्रत्येक मुलामागे एक काठी आणि साधारण तीन मीटर सुती दोरी. नायलॉनची दोरी नको. तिच्यावर गाठ घसरते आणि नव्या मुलाला वाटतं, आपलंच चुकलं.
- शिट्टी, प्रथमोपचार पेटी, दोन-तीन जुनी पोती किंवा घोंगडी.
- घरातल्या २४ लहानसहान वस्तू आणि त्या झाकायला एक चादर.
- प्रत्येक संघाला एक वही. ती संघनायकाकडे राहील, तुमच्या कपाटात नाही.

कागद मात्र वेळेत जमवावे लागतात:

- पथकाची चालू वर्षाची नोंदणी.
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, एसडीएमसीला (शाळेच्या विकास समितीला) दिलेली सूचना. मुक्काम असेल तर बीईओ (गटशिक्षणाधिकारी) कार्यालय आणि स्काऊटची स्थानिक किंवा जिल्हा संस्था यांचीही परवानगी.
- पालकांचं संमतीपत्र आणि त्याच कागदावर मुलाच्या आरोग्याची माहिती: दमा, फिट, ॲलर्जी, रोजचं औषध.
- मुलांची यादी, पालकांच्या फोन नंबरांसह, दोन प्रती. एक तुमच्याकडे, एक शाळेत.

नवे शिक्षक इथे दोन ठिकाणी अडकतात. वरून येणारे फॉर्म बहुतेक कन्नड किंवा इंग्रजीत असतात. ते अंदाजाने भरू नका, शाळेतल्या कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्यासोबत बसून भरा. आणि मुलाचं नाव शाळेच्या रेकॉर्डमध्ये जसं आहे, अगदी तसंच लिहा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव पूर्ण की फक्त आद्याक्षर, हा फरक आज किरकोळ वाटतो. तोच मुलगा तृतीय सोपान ही स्काऊटची पायरी पूर्ण करून त्यापुढच्या राज्य पुरस्काराला बसतो तेव्हा तो फरक डोकेदुखी होतो. संमतीपत्र मात्र घरी जी भाषा वाचली जाते त्या भाषेत द्या. नुसती सही घेतलेलं संमतीपत्र आणि आईने वाचून दिलेलं संमतीपत्र यात फार अंतर आहे.

१. दोन शनिवार संघनायक नेमूच नका

शनिवारची शाळा लवकर सुटते, पथकाची वेळ तीच. पहिले दोन शनिवार संघ पाडा, पण नायक नेमू नका. खेळ द्या, कामं द्या आणि बाजूला उभं राहून एकच गोष्ट बघा: अडलं की मुलं कुणाकडे बघतात? नाव वहीत टिपून ठेवा.

वर्गातला पहिला नंबर, मॉनिटर, उंचापुरा मुलगा, कमिटीतल्या कुणाचा तरी नातू, ही सगळी नावं आपोआप पुढे येतात. त्यांच्यात चांगला नायक असेलही, पण या कारणांसाठी त्याला नेमू नका. आमच्या एका संघात मुलं ज्याच्याकडे बघायची तो आठवीतला मुलगा वर्गात तोंडही उघडत नसे. सुगीत तो घरच्यांबरोबर भाताचे भारे बांधायला जायचा. कुठल्या कामाला किती हात लागतात आणि कुणाला कुठे उभं करायचं, हे त्याला न सांगता कळत होतं. दोन शनिवारांनंतर संघातल्या मुलांना विचारा, मग नेमणूक करा आणि संघनायकाची खूण असलेल्या दोन पट्ट्या सगळ्या पथकासमोर द्या.

संघ सहा ते आठ जणांचा, ३२ मुलांच्या पथकात चार. संघ पाडताना मित्रामित्रांचे गट होऊ देऊ नका. ही पद्धत जिथून आली तिथेच याचं उत्तर आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. त्यात बड्या निवासी शाळांतली श्रीमंत घरची मुलं होती आणि आसपासच्या गावांतल्या कामकरी घरांतलीही. मुद्दाम मिसळून त्यांचे चार संघ केले आणि प्रत्येक संघ एका थोरल्या मुलाच्या हाती दिला. आपल्याकडे गल्ली, वाडी, जात, माध्यम असे कितीतरी कप्पे मुलं घरूनच घेऊन येतात. ते संघात जसेच्या तसे उतरले, तर नायकाला नेतृत्व करायला काही उरतच नाही. त्याचे मित्र तसंही त्याचं ऐकतातच.

२. भाषेची तयारी आधी

आपल्या भागात ही पायरी वगळून चालत नाही. सावधान, विश्राम, दहिने मुड या हिंदी आज्ञा सगळ्यांना सारख्याच कळतात. अडचण त्यानंतर सुरू होते. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या मेळाव्यात मराठी, कन्नड, उर्दू माध्यमाची मुलं एका संघात येतात आणि तिथे आपला चांगला नायक गप्प होतो. शब्द नसतो म्हणून तो मागे सरतो, आणि परीक्षकांना वाटतं मुलाला आत्मविश्वास नाही.

म्हणून मी प्रत्येक नायकाच्या वहीच्या शेवटच्या पानावर वीस कन्नड शब्द लिहून घेतो. बन्नी, निल्ली, हग्ग म्हणजे दोरी, कोलु म्हणजे काठी, गंटु म्हणजे गाठ, नीरु, हिडी म्हणजे धर, एत्तु म्हणजे उचल, बिडु म्हणजे सोड. हे शब्द पाठ करायला लावू नका, त्यांचा खेळ करा. एका शनिवारी नायकाने फक्त याच शब्दांत काम करून घ्यायचं. कन्नड माध्यमाची शाळा शेजारी असेल तर तिथल्या पथकाला बोलवा आणि त्यांच्या नायकांना मराठी शब्दांवर काम करू द्या. भाषेचा प्रश्न मोठ्यांमध्ये कितीही तापलेला असो, ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर उभ्या असलेल्या चार मुलांना एकमेकांना "धर" आणि "सोड" सांगता आलं पाहिजे. हे मला अगदी मनापासून वाटतं.

३. एक दिवस नको, चार शनिवार घ्या

दिवसभराच्या कार्यशाळेत बारा-तेरा वर्षांचं मूल जेवणानंतर उघड्या डोळ्यांनी झोपतं. त्याऐवजी फक्त संघनायक आणि उपसंघनायक यांना चार शनिवार, दीड-दीड तास थांबवा. दर वेळी एक खेळ, एक हातातलं कौशल्य आणि पुढच्या आठवड्यासाठी एक खरं काम. बोलणं दहा मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका.

या चार शनिवारी तुम्ही त्यांचे संघनायक आणि ते तुमचा संघ. तुम्ही जसे वागाल, तसेच ते सोमवारी आपल्या संघाशी वागणार. तुम्ही ओरडलात तर तेही ओरडतील.

४. खेळ: इथेच खरं शिकणं होतं

*चोवीस वस्तू.* हा जुना स्काऊट खेळ सगळ्यांना माहीत असतो: २४ वस्तू मांडायच्या, एक मिनिट दाखवायच्या, झाकायच्या, आठवतील तेवढ्या लिहायच्या. बहुतेक ठिकाणी तो स्मरणशक्तीचा खेळ म्हणून खेळतात आणि तिथेच सोडतात. तुम्ही तो दोनदा घ्या. पहिल्यांदा नेहमीसारखा. दुसऱ्यांदा वस्तू बदला आणि नायकाला आधी दोन मिनिटं द्या: "तुझ्या संघाने मिळून सगळ्या वस्तू यादीत आणायच्या आहेत, कसं ते तू ठरव." काही नायक नुसतं "नीट बघा रे" म्हणतात. एखादा चादरीचे चार भाग करून दोघादोघांना एकेक कोपरा वाटून देतो. दोन्ही संघांच्या याद्या शेजारी ठेवा आणि काही बोलू नका. फरक मुलांना स्वतःलाच दिसतो. काम वाटून देणं हा गुण मी फळ्यावर लिहिला होता, पण मुलांना तो या चादरीवर कळला.

*हात पाठीमागे.* हा माझा सगळ्यात आवडता खेळ. दोन काठ्या आणि दोन पोती, किंवा घोंगडी, यांची झोळी करून 'जखमी' मुलाला मैदानाच्या पलीकडे न्यायचं. अट एकच: नायकाचे हात पाठीमागे, त्याने कशालाही हात लावायचा नाही. चांगली गाठ मारणारा नायक इथे कासावीस होतो. गाठ सैल दिसते, हात पुढे येतो, पुन्हा मागे जातो. मग तो शब्द शोधायला लागतो. "वरून घे... नाही, खालून, आता ओढ." पहिल्या फेरीत झोळी आधी रिकामीच उचलून बघायला लावा आणि जमिनीपासून गुडघ्याच्या वर नेऊ देऊ नका, म्हणजे गाठ सुटली तरी कुणाला लागणार नाही. दुसऱ्या फेरीत उलट करा: नायकाने हात वापरायचे, पण बोलायचं नाही. तिसऱ्या फेरीत उपनायकाला पुढे करा.

या खेळात तुमचेही हात पाठीमागेच हवेत. मी अक्षरशः तसा उभा राहतो. सुरुवातीला फार जड गेलं.

*तीन लहान, एक लांब.* स्काऊटच्या शिट्टीच्या संकेतांत तीन लहान आणि एक लांब शिट्टी म्हणजे संघनायकांनी धावत यायचं. बरीच पथकं हा संकेत परीक्षेपुरता शिकतात. माझं म्हणणं, तो रोज वापरा. सगळ्या पथकाला ओरडून सूचना देणं बंदच करा. शिट्टी वाजवा, चारच मुलं येतील, त्यांना हळू आवाजात एकदाच सांगा: काय करायचं, कधीपर्यंत, झालं की कुणाला सांगायचं. ती जाऊन आपल्या संघाला सांगतील. पहिल्या आठवड्यात निरोप वाटेतच बदलतो. पाच काठ्या सांगाव्यात तर पंधरा येतात. तेव्हा मैदानावर ओरडून दुरुस्ती करू नका. पुन्हा शिट्टी वाजवा आणि नायकांनाच विचारा, "मी काय सांगितलं होतं?" तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नायक निघण्याआधी स्वतःच सूचना परत म्हणून दाखवायला लागतात.

या एका सवयीने आमचं पथक जितकं बदललं तितकं दुसऱ्या कशानेही नाही. माहिती नायकाच्या तोंडून आली की संघातली मुलं त्याच्याकडे बघायला लागतात, पट्ट्यांकडे नाही.

*खुणांचा माग.* बाण म्हणजे या वाटेने, फुली म्हणजे इकडे नको, वर्तुळात टिंब म्हणजे मी घरी गेलो. खुणा नायकांनी आखायच्या, संघांनी शोधायच्या. शहरातल्या शाळांनी माग टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीपर्यंत न्यावा. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली इथे भरलेल्या अधिवेशनासाठी ती खोदली होती, आणि रोज तिच्यावरून जाणाऱ्या मुलांनाही ते ठाऊक नसतं. खानापूरकडच्यांना हलशीची देवळं आहेत, येळ्ळूरच्या बाजूला राजहंसगड. प्रत्येक नायकाने तिथल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारून एका प्रश्नाचं उत्तर आणायचं, एवढीच अट ठेवा. अनोळखी माणसाशी नीट बोलणं हेही नायकाचं काम आहे.

५. खरं काम द्या, आणि दिलं की परत घेऊ नका

खेळ कितीही रंगला तरी मुलाला माहीत असतं की हा खेळ आहे. म्हणून प्रत्येक संघाकडे शाळेतलं एक काम महिनाभर द्या: ध्वजस्तंभाची तयारी, पिण्याच्या पाण्याची टाकी, प्रथमोपचार पेटी, काठ्या-दोऱ्यांची खोली. वार कुणाचा, कोण आजारी, कोण चुकवतो, हे सगळं नायकाने बघायचं.

काम चुकलं तर संघासमोर नायकाला बोलू नका. ही चूक मी केली आहे आणि तो मुलगा पुढचे दोन महिने मला विचारल्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हता. बाजूला घ्या, पण इतरांच्या नजरेसमोर, आणि विचारा, "पुढच्या वेळी काय बदलशील?" मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो. तो वेळ तुम्ही भरून काढला की उत्तर तुमचं होतं.

काही गोष्टींत मात्र क्षणभरही हात पाठीमागे ठेवायचे नाहीत: विस्तव, पाणी, कोयता-चाकू, उंची, आणि एखाद्या मुलाला चिडवणं किंवा मारणं. तिथे शिट्टी, थांबा, आणि तुम्ही पुढे. ही यादी नायकांनाही आधीच सांगून ठेवा, म्हणजे तुम्ही मध्ये पडलात तरी त्यांना तो अपमान वाटत नाही.

६. कोर्ट ऑफ ऑनर

महिन्यातून एकदा, अर्धा तास, चौघे नायक बसतात आणि पथकाचं ठरवतात. एक जण लिहितो. तिथलं बोलणं बाहेर जात नाही. तुम्ही सल्लागार, म्हणून शेवटी बोलायचं.

घात होतो तो इथे: मत विचारायचं आणि मग आपल्याच मनासारखं करायचं. मुलं हे दोनदा सहन करतात, तिसऱ्यांदा "तुम्ही म्हणाल तसं, सर" म्हणून मोकळी होतात. जे त्यांच्या हातात नाही ते आधीच सांगा. शिबिराची तारीख परवानगीवर ठरणार, पण जेवण काय, संघ कुठे झोपणार, शेकोटीला काय करायचं, हे त्यांचं. गुणफलकावर संघाचं नाव लिहा, नायकाचं नको.

७. एक रात्र मुक्काम

आपल्याकडे पाऊस लांबतो, मग सुगी सुरू होते आणि पोरं शेतात असतात. जानेवारीपासून दहावीच्या मुलांना परीक्षा दिसायला लागते. म्हणून डिसेंबर बरा. थंडी असते, घोंगडं सांगून ठेवा. पहिला मुक्काम शाळेच्याच मैदानावर करा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात गवे आणि अस्वलं आहेत. भीमगड अभयारण्याच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय जाऊ नका, आणि मलप्रभेत किंवा कुठल्याही तळ्यात मुलांना उतरू देऊ नका. सोबत किमान दोन मोठी माणसं हवीत, गाईड असतील तर बाई हव्यातच.

स्वयंपाक संघाचा. नायकाला ठरावीक पैसे द्या आणि आठवडी बाजारातून त्यालाच आणू द्या. हिशोब वहीत. आमच्या एका संघाने तूरडाळ आणली, चूल उशिरा पेटली, लाकडं ओली होती, नऊ वाजले तरी डाळ कच्ची. माझ्या पिशवीत पोह्यांचा पुडा होता. मी तो काढला नाही. नायक थोडा वेळ भांड्याकडे बघत राहिला, मग डाळ उतरवून बाजूला ठेवली, भात चढवला आणि सगळ्यांना विचारलं, "घरून कुणी काय काय आणलंय?" दोघांच्या आयांनी शेंगाची चटणी दिली होती. शेजारच्या संघाच्या राखेत रताळी भाजत होती, त्यातली चार मागून आणायला त्याने सगळ्यात लहान मुलाला पाठवलं, कारण त्याला कुणी नाही म्हणणार नव्हतं. ती डाळ सकाळी शिजली आणि त्यांनी नाश्त्याला खाल्ली.

मुलं उपाशी झोपणार असतील तर पुडा अर्थातच काढा. पण आधी थांबून बघा.

८. उपसंघनायकाला नोव्हेंबरपासून पुढे आणा

दहावीचा नायक जानेवारीत मनाने निघून जातो आणि जूनमध्ये पथक पुन्हा शून्यावर येतं. हे टाळायचं तर नोव्हेंबरपासून महिन्यातला एक शनिवार उपनायकाचा ठेवा. त्या दिवशी नायकाने त्याच्या हाताखाली काम करायचं, शिट्टीला उपनायकाने धावायचं. मार्चमध्ये संघाची वही एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायची. त्याआधी जाणाऱ्या नायकाला दोन पानं लिहायला लावा: संघातल्या प्रत्येक मुलाला काय चांगलं येतं, कोण कशाला घाबरतो, कुणाला हाक मारून बोलवावं लागतं. ही पानं तुम्ही वाचू नका. ती पुढच्या नायकासाठी आहेत.